१४ एप्रिल, पण अमेरिकेचा: पोस्टरसाठी पाच नोंदी हव्यात

अबोली_मेरीलँड:

मंडळी, लेक सातवीत आहे. शाळेतून काम आलंय: वर्षातली कुठलीही एक तारीख घ्या आणि त्या दिवशी अमेरिकेच्या इतिहासात काय घडलं, कोण जन्मलं याचं पोस्टर करा. नोंदी पाचच. बोलायला दोन मिनिटं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी चार जुलै उचलला, उरलेल्यांनी आपापला वाढदिवस. आमच्या बाईसाहेबांनी १४ एप्रिल घेतला, कारण त्या दिवशी घरात बाबासाहेबांच्या फोटोला हार असतो आणि खीर असते.

आता घोळ असा. पहिली नोंद तिने कुणाला न विचारता पेन्सिलीने लिहूनही टाकली: डॉ. आंबेडकर, जन्म १८९१, महू. मी म्हटलं, अगं, यात अमेरिका कुठे आली? तर म्हणे, इथेच तर शिकले ते. नवरा म्हणतो, राहू दे. मला वाटतं शिक्षिका पहिल्याच ओळीवर अडवणार.

माझ्याकडे आतापर्यंत लिंकन आणि टायटॅनिक एवढंच आहे. पुढचं तुम्ही सुचवा. आणि पहिल्या नोंदीचं काय करू तेही सांगा. इथे एकापेक्षा एक जाणकार बसलेत, नुसता विकिपीडिया चिकटवू नका, तो मलाही दिसतो.

खंड्या:

लिंकनवर माझा हक्क. वॉशिंग्टनमध्ये अकरा वर्षं काढली, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला फोर्ड्स थिएटर दाखवलंय. आता तिथला दारवान ओळखतो मला.

१४ एप्रिल १८६५, गुड फ्रायडे. यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती ली शरण येऊन पाच दिवस झालेले. राजधानीत रोषणाई, लोक रस्त्यावर. लिंकन पत्नीसह नाटकाला गेले, तेही हलकंफुलकं विनोदी नाटक. उत्तरेचा सेनापती ग्रँट आणि त्याची बायको सोबत यायची होती, ती आली नाहीत. त्यांच्या जागी मेजर रॅथबोन आणि त्याची वाग्दत्त वधू. मारेकरी जॉन विल्क्स बूथ स्वतः नामवंत नट, वय २६. ते नाटक त्याला पाठ होतं. कुठल्या वाक्याला प्रेक्षागृह हमखास खो खो हसतं हे ठाऊक होतं आणि त्याने त्याच हशाची वाट पाहिली. रात्री सव्वादहाच्या सुमारास रंगमंचावर एकटाच नट उभा होता, वाक्य पडलं, हशा उसळला आणि त्यात गोळीचा आवाज मिसळून गेला. लोकांना पहिले काही क्षण तो नाटकाचाच भाग वाटला.

ते पिस्तूल थिएटरच्या तळघरातल्या संग्रहालयात आहे. एका गोळीचं डेरिंजर, तळहातात मावेल एवढं. काचेसमोर उभं राहिलं की पहिला विचार येतो तो हाच: एवढंसं?

पहिला डॉक्टर पोहोचला तो चार्ल्स लील, तेवीस वर्षांचा पोरगा, पदवी मिळून जेमतेम दीड महिना झालेला. जखम पाहताच हा माणूस वाचत नाही हे त्याला कळलं. घोडागाडीतून व्हाइट हाउसपर्यंतचे धक्के सोसायचे नाहीत म्हणून रस्त्यापलीकडच्या पीटरसन नावाच्या शिंप्याच्या घरात नेलं. सहा फूट चार इंचांचा माणूस, पलंग तोकडा. तिरपं निजवावं लागलं. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी गेले. म्हणजे मृत्यू १५ एप्रिलचा, गोळी १४ची. लेकीला सांगा, 'लिंकन यांचा मृत्यू' असं लिहू नकोस, वर्गात कुणीतरी नक्की टोकेल.

आणि एक राहूनच जातं. त्याच दिवशी दुपारी चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर मोठा समारंभ झाला होता. यादवी जिथे सुरू झाली तो हा किल्ला. १४ एप्रिल १८६१ला मेजर रॉबर्ट अँडरसनने तिथला झेंडा उतरवून किल्ला सोडला होता. उतरवताना तोफांची सलामी देताना अपघात होऊन डॅनियल हाउ नावाचा शिपाई गेला, त्या युद्धातला पहिला मृत्यू. चार वर्षांनी त्याच तारखेला त्याच अँडरसनने तोच झेंडा पुन्हा चढवला. गुलामगिरीविरुद्ध तीस-पस्तीस वर्षं वर्तमानपत्र चालवणारा गॅरिसन ते बघायला हजर होता. दुपारी ते, रात्री हे. सगळे रात्रीचंच सांगतात.

शंकेखोर:

धागा छान आहे म्हणून आधीच सांगतो, योगायोगांच्या नादी लागू नका. ३६६ तारखा आणि अडीचशे वर्षं. कुठलीही तारीख खणा, खाली एक राष्ट्राध्यक्ष, एक वादळ आणि एक बेसबॉलपटू सापडणारच. उद्या कुणीतरी लिंकन आणि केनेडी यांच्यातल्या योगायोगांची ती यादी आणून टाकेल, म्हणून बजावून ठेवतोय.

खंड्याभाऊ, तुम्ही योगायोगवाले असाल तर तुमच्यासाठी जास्त चविष्ट माल आहे. मारेकऱ्याचा थोरला भाऊ एडविन बूथ, तोही नट, आणि धाकट्यापेक्षा कितीतरी मोठा. लिंकनच्या खुनाच्या आधी एकदा जर्सी सिटीच्या रेल्वे फलाटावर गर्दीत एक तरुण गाडी आणि फलाटाच्या फटीत सरकला, एडविनने त्याला कॉलरला धरून वर खेचलं. तो तरुण म्हणजे लिंकनचा मुलगा रॉबर्ट. रॉबर्टने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १८९३च्या जूनमध्ये ज्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एडविनची अंत्ययात्रा निघाली, त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये फोर्ड्स थिएटरच्या इमारतीतले मजले कोसळले. तेव्हा तिथे सरकारी कचेरी होती, बावीस कारकून दगावले. आता यातून काय निघतं? काही नाही. घडलं, एवढंच.

बाकी टायटॅनिक घेऊ नका. ब्रिटिश जहाज, आणि अजून तीन पोरं तेच आणतील.

खंड्या:

शंकेखोर, म्हणजे योगायोगांना नावं ठेवायची आणि सगळ्यात झणझणीत दोन तुम्हीच वाढायचे. बरंय.

टायटॅनिक अमेरिकेचंही आहे हो. निघालं होतं न्यूयॉर्कलाच. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया आलं तेही न्यूयॉर्कला, आणि चौकशी पहिली बसली ती अमेरिकन सिनेटची, तीही लंडनच्या आधी, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात, बुडाल्यापासून चार दिवसांत. जहाजावर चोवीस तास वायरलेसवर माणूस हवा हा नियम त्यातूनच आला. पण तीन पोरांचा मुद्दा मान्य.

ढेकूळ:

मी परभणीचा, शेती हाच धंदा आणि पदवीही तिचीच. ताई, तुमच्या यादीत एक नोंद मी हट्टाने घालणार. १४ एप्रिल १९३५. तिकडे त्याला काळा रविवार म्हणतात.

कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासचा वरचा भाग. त्या मुलखात चार वर्षं पाऊस दगा देत होता. कित्येक आठवडे धूळ उडत होती आणि त्या दिवशी सकाळी एकदम स्वच्छ ऊन पडलं. लोक खूश. खिडक्या उघडल्या, चादरी धुऊन वाळत घातल्या, चर्चला गेले, कुणी डबे घेऊन फिरायला बाहेर पडले. दुपारनंतर उत्तरेकडून थंड वारं सुटलं. आधी पक्षी आले, थव्याच्या थव्यांनी, जीव खाऊन दक्षिणेकडे उडत. त्यांच्या मागून काळी भिंत. ढग नव्हे, जमिनीपासून वरपर्यंत माती. ज्यांना तिने गाठलं त्यांना हाताचं बोट दिसेना. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर ती टेक्सासच्या अमॅरिलोत पोचली. त्या भागात होता एक बातमीदार, रॉबर्ट गायगर. त्याने दुसऱ्या दिवशीच्या बातमीत जो शब्द वापरला त्यावरून त्या सगळ्या प्रकाराला डस्ट बोल हे नाव पडलं.

घरातलं सांगतो, पोरीला ते आवडेल. तिथल्या बायका जेवायची ताटं टेबलावर पालथी मांडायच्या, वाढायच्या क्षणी सुलटी करायच्या. खिडक्यांना ओल्या चादरी. हवेत इतकी वीज साठायची की माणसं हात मिळवायला कचरायची आणि मोटारीच्या मागे जमिनीला टेकेल अशी साखळी सोडायची.

आता कारण. लोक म्हणतात दुष्काळ. दुष्काळ निमित्त. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला, बुशेलला दोन डॉलर. सगळे ट्रॅक्टर घेऊन तुटून पडले. हजारो वर्षांचं गवत, ज्याच्या मुळ्यांनी माती धरून ठेवलेली, ते लाखो एकरांवर उलथून टाकलं. मंदीत भाव पडले तसं तोटा भरून काढायला आणखी नांगरलं. मग पाऊस गेला. उघडी, भुसभुशीत, तकतकीत नांगरलेली जमीन आणि तिच्यावर वारा. आमच्याकडे म्हातारे म्हणायचे, रान कधी नागडं ठेवू नये. तेच.

उपाय काय निघाले? उताराला आडवी नांगरट, उताराला आडवी पेरणी, पिकाचे पट्टे, धसकटं रानातच ठेवणं, आणि उत्तर डाकोटापासून टेक्सासपर्यंत वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा, पुढच्या सात-आठ वर्षांत बावीस कोटींच्या आसपास झाडं. ह्यू बेनेट नावाचा माणूस वर्षानुवर्षं धुपीबद्दल ओरडत होता, कुणी ऐकत नव्हतं. काळ्या रविवारनंतर तेरा दिवसांत, २७ एप्रिलला, मृद्संधारणाचा कायदा झाला. त्याच दशकात आपल्या सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू होतं, आणि तेही घसा फोडून बांधबंदिस्तीच सांगत होते. मला कॉलेजात ही दोन्ही प्रकरणं एकाच तासाला शिकवली होती.

आणि एक. रेचल कार्सन १४ एप्रिल १९६४ला गेल्या. कीटकनाशकांच्या अतिवापरावर १९६२मध्ये पुस्तक लिहून ज्यांनी साऱ्या रसायन उद्योगाला अंगावर घेतलं त्या. पुस्तक लिहिताना त्यांना स्तनाचा कर्करोग होता, पण बाहेर कळू दिलं नाही, विरोधकांच्या हाती कोलीत नको म्हणून. वय ५६. गेल्या त्या तुमच्याच मेरीलँडमध्ये, सिल्व्हर स्प्रिंगला. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२मध्ये.

अबोली_मेरीलँड:

ढेकूळदादा, ताटांचं वाचून दाखवलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आमची ताटं पालथी घालून आली. नोंद पक्की. सिल्व्हर स्प्रिंग आमच्यापासून वीस मिनिटांवर. इतकी वर्षं त्या सिग्नलवर थांबतेय, ठाऊक नव्हतं.

कोशकार:

माझी जिलबी पण घ्या. १४ एप्रिल १८२८: नोआ वेब्स्टरने आपल्या शब्दकोशाचा कॉपीराइट नोंदवला. सत्तर हजार शब्द, दोन खंड, वय ६९. शब्दांची कुळं शोधायची म्हणून म्हातारा वीस-पंचवीस भाषांच्या मागे लागला होता, त्यातली एक संस्कृत. पहिल्या आवृत्तीने कर्ज वाढवलं, कीर्ती नंतर आली. अमेरिकन मुलं कलरमध्ये यू लिहीत नाहीत ती याची करामत. टंगचं स्पेलिंग टी-यू-एन-जी करायचाही त्याने घाट घातला होता, तो मात्र लोकांनी चालू दिला नाही. भाषेला शिस्त लावायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं (इथल्या ऱ्हस्व-दीर्घ मंडळाने हलके घ्या).

मजा म्हणजे तीनच वर्षांनी, १८३१ मध्ये, आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. मोल्सवर्थ सैन्यातला अधिकारी, गावोगावच्या माणसांकडून शब्द गोळा करून घेतलेला. वेब्स्टरने अमेरिकेला स्वतःची इंग्रजी दिली, आपल्याला आपले शब्द एका गोऱ्याने बांधून दिले. यावर वेगळा धागा काढेन म्हणतो.

शंकेखोर:

काढू नका. गेल्या वेळचा शुद्धलेखनाचा धागा तीनशे प्रतिसादांवर जाऊन बंद करावा लागला होता.

चेंडूफळी:

सिनसिनाटीवरून. ताई, बेसबॉलशिवाय अमेरिकन पोस्टर? १४ एप्रिल १९१०, वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट, चांगला तीनशे पौंडांवरचा गडी, हंगामाच्या पहिल्या सामन्याला आला आणि पंचाने त्याच्याकडे चेंडू दिला. त्याने बसल्या जागेवरून तो वॉशिंग्टनचा चेंडू टाकणारा वॉल्टर जॉन्सन याच्याकडे फेकला. झाली प्रथा सुरू, आजतागायत. जॉन्सनने मग त्या सामन्यात एकच हिट दिला आणि वॉशिंग्टन ३-० जिंकलं.

आणि आमच्या गावचा पीट रोझ, जन्म १४ एप्रिल १९४१. ४,२५६ हिट, हा आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. पण सट्टा लावला म्हणून १९८९ला आजन्म बंदी. बंदी उठली ती २०२५मध्ये, तो मेल्यावर. आमच्या ऑफिसात या विषयावर जेवणाच्या टेबलावर बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे.

ब्रेलवाली:

सगळं वाचतेय. वाढदिवसांत अजून अ‍ॅनी सलिव्हनचं नाव कसं नाही? तिला लोक अंध-बहिऱ्या हेलन केलरची शिक्षिका म्हणून ओळखतात, आणि तिथेच थांबतात. मी पुण्यात कर्णबधिर-अंध मुलांना शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे सरका.

जन्म १४ एप्रिल १८६६, मॅसॅच्युसेट्समधलं फीडिंग हिल्स नावाचं खेडं. आई-बाप आयर्लंडच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले. पाचव्या वर्षी खुपऱ्यांनी डोळे जवळजवळ गेले. आई क्षयाने गेली, बापाने सोडून दिलं. नवव्या वर्षी तिला आणि धाकट्या जिमीला ट्यूक्सबरीच्या अनाथ-अपंगांच्या सरकारी आसऱ्यात टाकलं. काही महिन्यांत जिमी तिथेच गेला. एकदा तपासणीला साहेबलोक आले तेव्हा ही त्यांच्या मागे धावत गेली आणि ओरडली, मला शाळेत जायचंय. चौदाव्या वर्षी पर्किन्स अंधशाळेत दाखल, तोवर स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. सहा वर्षांत वर्गात पहिली.

पर्किन्समध्ये लॉरा ब्रिजमन नावाची मूकबधिर-अंध बाई राहायची, तेव्हा पन्नाशीची. तिच्याशी बोलता यावं म्हणून अ‍ॅनी हाताच्या तळव्यावर बोटांनी अक्षरं काढायला शिकली. तेच पुढे कामी आलं. १८८७च्या मार्चमध्ये ती अलाबामाच्या टस्कंबियाला पोचली तेव्हा पर्किन्सच्या मुलींनी हेलनसाठी बाहुली दिली होती, तिचे कपडे लॉराने शिवलेले. पहिला शब्द काढला तो बाहुलीचाच.

आता जे सगळे सांगतात ते: एका हातावर पंपाचं पाणी, दुसऱ्या तळव्यावर 'पाणी'ची अक्षरं, आणि हेलनला शब्द म्हणजे काय ते उमगलं, ५ एप्रिल १८८७. पण मला विचाराल तर खरी गोष्ट आधीच्या महिन्याची आहे. हेलन सगळ्यांच्या ताटातलं हाताने ओरबाडून खायची आणि घरात कुणी अडवायचं नाही, बिचारी म्हणून. अ‍ॅनीने अडवलं. चमचा फेकला की परत हातात, फेकला की परत हातात. सगळ्यांना जेवणघराबाहेर काढून दार लावून घेतलं. शेवटी मुलगी चमच्याने जेवली आणि रुमालाची घडी केली. आमच्याकडे पालक येतात ना, त्यांचं मूल दप्तर फेकतं आणि आई उचलते, तेव्हा मी हेच सांगते. दया संपते तिथून शिकवणं सुरू होतं. हे ऐकून एक आई माझ्यावर वर्षभर रागावली होती.

पंपाच्या दिवसानंतर नऊ दिवसांनी अ‍ॅनी एकवीस वर्षांची झाली. म्हणजे ते सगळं केलं तेव्हा ती वीस वर्षांची, अर्धवट दिसणारी, पहिल्याच नोकरीवर आलेली मुलगी होती.

निळी_पायवाट:

उशिरा आलो, जयंतीच्या धावपळीत होतो. नागपुरात आमच्या वस्तीत ११ ते १४ एकच मांडव, जोतिबांपासून बाबासाहेबांपर्यंत. अबोलीताई, मुलीने पहिली नोंद लिहिली ती चुकीची नाही, अर्धी आहे. जन्म महूचा, त्याला इलाज नाही. पण त्यांच्या आयुष्यातले तीन १४ एप्रिल न्यूयॉर्कमध्ये गेलेत: १९१४, १५ आणि १६. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३च्या जुलैमध्ये कोलंबियात दाखल झाले. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. पुढे ते म्हणत की आयुष्यातले सर्वोत्तम मित्र म्हणजे कोलंबियातले काही सहाध्यायी आणि तिथले प्राध्यापक. त्याच विद्यापीठाने १९५२मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

आणि थोडं मागे जाऊ. १४ एप्रिल १७७५, फिलाडेल्फिया. एका खानावळीत काही माणसं जमली, बरीचशी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, अँथनी बेनेझेट त्यांच्यातला. मूळची स्वतंत्र असूनही गुलाम म्हणून डांबलेल्या लोकांच्या सुटकेसाठी त्यांनी संस्था काढली. निमित्त दायना नेव्हिल नावाच्या बाईचं: मी आणि माझी मुलं स्वतंत्र आहोत, असं ती ओरडून सांगत होती. अमेरिकेतली ही अशी पहिली संस्था. पाच दिवसांनी लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी झाडली गेली. पुढे बेंजामिन फ्रँकलिन तिचे अध्यक्ष झाले.

त्या संस्थेपासून नव्वद वर्षांनी, त्याच तारखेला लिंकनला गोळी लागली. त्याला आठ वर्षं झाली आणि पुण्यात जोतिबांनी 'गुलामगिरी' छापलं, १८७३. अर्पणपत्रिका कुणाला? युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील, ही आशा. म्हणजे ताई, आपल्या बाजूने तो धागा दीडशे वर्षांपूर्वीच जोडलेला आहे, तुमच्या मुलीला नव्याने जोडायचा नाही. बाबासाहेबांनीही १९४६मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं: काळ्या लोकांची संयुक्त राष्ट्रांकडे अर्जाची तयारी चाललीय असं ऐकलं, प्रती मिळतील का? डू बॉइसनी उत्तरही दिलं.

शंकेखोर:

निळी_पायवाट, सलाम. याला मी योगायोग म्हणणार नाही, अर्पणपत्रिका माणूस जाणूनबुजून लिहितो.

आता शिक्षिकेची अडचण. जन्म लिहूच नका. बाबासाहेबांची नोंद १८९१खाली न घालता १९१५खाली घाला. १४ एप्रिल १९१५: लिंकनच्या हत्येला बरोबर पन्नास वर्षं, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याला चोवीस पूर्ण. जागा अमेरिकेची, तारीख अमेरिकेची, कुणाची हरकत नाही. त्यांनी त्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं असेल का, कुणास ठाऊक, ते पोस्टरवर लिहू नका.

आणि माझा आवडता खडा. या तारखेचं सगळं रात्री उशिरा घडतं. लिंकन सव्वादहाला. टायटॅनिक हिमनगावर आदळलं ते जहाजाच्या घड्याळात ११ वाजून ४० मिनिटांनी, न्यूयॉर्कला तेव्हा दहाच्या आगेमागे. दोन्ही वेळी मुंबईत १५ तारखेच्या सकाळचे आठ वाजून गेले होते. उलट चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानाची प्राणवायूची टाकी फुटली ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १३ एप्रिलच्या रात्री १० वाजून ८ मिनिटांनी, म्हणून तिकडच्या यादीत ती १३ला. आपल्याकडे १४ची सकाळ, ८ वाजून ३८. जयंतीची मिरवणूक निघायच्या आत. तारीख म्हणजे शेवटी तुम्ही पृथ्वीच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते.

खंड्या:

घड्याळवाले शंकेखोर झिंदाबाद. ताई, एक करा. फोर्ड्स थिएटर बघून झालं की गाडी दक्षिणेला काढा. बूथ मागच्या गल्लीत उभ्या केलेल्या घोड्यावर बसून, पाय मोडलेला, नेव्ही यार्डचा पूल ओलांडून ज्या काउंटीत पळाला ती प्रिन्स जॉर्जेस. वाटेत जिथून त्याच्या साथीदाराने बंदूक उचलली ती सरॅट खानावळ आजही तिथे क्लिंटनला उभी आहे. आणि त्याच काउंटीत अ‍ॅकोकीकला बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा आहे, २०२३च्या ऑक्टोबरात अनावरण झालेला, घडवलेला आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी. एका दुपारात दोन्ही होतं. वाटेत जेवणाची सोय बेताची आहे, डबा न्या.

कोशकार:

अवांतर: १४ एप्रिल १८९४ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एडिसनच्या किनेटोस्कोपचं पहिलं दुकान उघडलं. दहा पेट्या, पंचवीस सेंटात पाच बघायच्या, एका वेळी एकाच माणसाने डोळा लावून. आत काय, तर कोंबड्यांची झुंज, न्हाव्याचं दुकान, घोड्याला नाल ठोकणं. आपल्या जत्रेतला बायस्कोपवालाच. कुणीच उल्लेख केला नाही म्हणून नोंदवून ठेवतो.

अबोली_मेरीलँड:

काल सादरीकरण झालं, म्हणून धागा वर आणतेय.

आधी रविवारची गोष्ट. खंड्याभाऊंचं ऐकून डबा घेऊन निघालो. फोर्ड्समध्ये ती त्या पिस्तुलासमोर बराच वेळ उभी होती, मग वहीत पेन्सिलीने त्याचं खऱ्या मापाचं चित्र काढलं. संबंध पिस्तूल तिच्या पंजात बसलं. अ‍ॅकोकीकला पोचेपर्यंत साडेचार. वारा खूप होता. हार नेला होता, पण पुतळा एवढा उंच की पायथ्याशीच ठेवला, आणि उडू नये म्हणून वर पोळ्यांचा डबा. नवऱ्याने फोटो काढलाय, त्यात डबा स्पष्ट दिसतो.

पाच नोंदी अशा ठरल्या: १७७५ची संस्था, लिंकन (सम्टरचा झेंडा त्यातच, छोट्या अक्षरात), अ‍ॅनी सलिव्हन, १९१५चा न्यूयॉर्कमधला विद्यार्थी, काळा रविवार. चेंडूफळी, माफ करा, पीट रोझवर घरात मतदान झालं आणि तो हरला. प्रत्येक नोंदीशेजारी तिने घड्याळ काढलं. लिंकनचं सव्वादहा, धुळीचं अमॅरिलोतलं संध्याकाळचं. अ‍ॅनी, संस्था आणि १९१५ यांच्या घड्याळांना काटे नाहीत. मी म्हटलं बारा वाजलेले दाखव, बरं दिसेल. तर म्हणे, आई, खोटं कसं दाखवू?

१९१५च्या नोंदीखाली तिने आपणहून जोतिबांचं छोटं चित्र डकवलं, आणि अर्पणपत्रिकेची एक ओळ. मी घाबरले होते की शिक्षिका बाबासाहेबांवर अडतील. त्यावर काही बोलल्याच नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते पगडीवर: हे गृहस्थ कोण, आणि त्यांनी आम्हाला पुस्तक का अर्पण केलं? दोन मिनिटांचे सहा झाले. काळ्या रविवारला वेळच उरला नाही. पालथं घालून दाखवायला घरून नेलेलं ताट दप्तरातच राहिलं.

ढेकूळ:

ताट राहिलं याचं वाईट वाटलं. पण चालतंय. मार्क किती?

अबोली_मेरीलँड:

अजून नाही. शुक्रवारी.